‘तर’ची नोंद : पानं 14 ते 19 आणि एक हट्टी ‘ऱ्य’

मागच्या नोंदीनंतर दोन महिने गेले. या सहा पानांची चित्रं तेव्हाच झाली होती, अडकलो ते संवादाच्या फुग्यांत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : ‘तर’ हे माझं 24 पानांचं कॉमिक. दाभोळच्या खाडीत फेरीबोट यायच्या आधी माणसं वल्ह्याच्या होडीतून पलीकडे नेणारा एक तरीवाला, आणि त्याच्या होडीतून रोज शाळेत जाणारी एक मुलगी. चित्रं क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेकंडहँड पेन टॅब्लेटवर. नोकरी सांभाळून, म्हणजे रात्री दहानंतर.

तर फुगे. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द माझ्या संहितेत 21 वेळा येतो. चित्रकलेच्या ज्या ॲपमध्ये मी आधी संवाद टाकत होतो, तिथे पेस्ट केला की तो ‘किनार्यावर’ व्हायचा. वाचणारा समजून घेईल म्हणून मी सोडून देत होतो. पण पान 15 वर तरीवाला म्हणतो, “दऱ्या उतरून आलेली माणसं आम्ही, दर्याला काय भ्यायचं?” तिथे दोन्ही शब्द सारखेच उमटले आणि सगळी गंमत बुडाली.

कारण सापडायला तीन रात्री गेल्या. संहिता मी फोनवर लिहिली होती. तिथल्या कीबोर्डने ‘ऱ्य’ बनवला होता तो साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. एका ॲपमधून दुसऱ्यात पेस्ट करताना ते अदृश्य चिन्ह गळायचं आणि र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसायचा. उपाय : नुक्तावाला ‘ऱ’ वापरायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, त्याला स्वतंत्र जागा आहे. ऱ, हलन्त, य अशा क्रमाने टाइप केलं की गळण्यासारखं मध्ये काही उरत नाही. सगळ्या संहितेत शोधून बदललं, पाच मिनिटांचं काम.

याच निमित्ताने संवाद चित्राच्या फाइलमधून कायमचे बाहेर काढले. आता क्रिटातून फक्त चित्र पीएनजी म्हणून निघतं आणि फुगे नि अक्षरं इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मजकूर नंतर बदलता येतो अशा एसव्हीजी फाइलीत बसतात. ही युक्ती माझी नाही. डेव्हिड रेव्हॉय हा फ्रेंच चित्रकार 2014 मध्ये सुरू केलेलं ‘पेपर अँड कॅरट’ हे वेबकॉमिक याच पद्धतीने करतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे जगभरचे हौशी लोक त्याची एसव्हीजी उघडतात, फुग्यातला मजकूर आपल्या भाषेत बदलतात, आणि चित्राला हात लावावा लागत नाही. माझं पुढेमागे मालवणीत करायचं मनात आहे, तेव्हा ही सोय हवीच.

फॉन्टबद्दल मागच्या वेळी विचारणा झाली होती. साध्या बोलण्याला ‘कलम’ आणि आरडाओरड्याला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टवाल्यांचा ‘बलू’. दोन्ही फुकट आणि खुल्या परवान्याचे. एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं असतात, म्हणून ओळी एकमेकींना चिकटवलेल्या चालतात. आपल्याकडे खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. मी ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवलं तेव्हा कुठे श्वास घेता आला. त्यामुळे फुगा उंच होतो, चित्र झाकतं, म्हणून आता आधी संवाद मांडतो आणि मग पेन्सिल उचलतो. चौदा पानं उलटं केल्यावर आलेली अक्कल.

आवाज मात्र फॉन्टमध्ये टाकत नाही. पान 17 वरचं ‘चुबुक’ हाताने काढलंय. शिरोरेषा म्हणजे पाण्याची पातळी, अक्षरं खाली बुडालेली, आणि शेवटच्या क चा शेंडा तेवढा वर. एका शब्दाला दीड तास गेला. पण पूर्ण कॉमिकमध्ये मला सगळ्यात आवडलेली चौकट तीच आहे.

आता उभी आवृत्ती. पानं छपाईसाठी ए5 मध्ये आहेत, पण वाचणारे बहुतेक फोनवर. कोरियातल्या नेव्हर या कंपनीने 2004 मध्ये वेबटून ही ऑनलाइन कॉमिकची सेवा सुरू केली तेव्हापासून वरून खाली सरकवत वाचायची रीत रुजत गेली. वेबटूनवर हौशी लोकांना चढवायला 800 बाय 1280 पिक्सेलपर्यंतचे तुकडे लागतात. मी आधी सरळ चौकटी सुट्या करून एकाखाली एक लावल्या. वाईट दिसलं. पानावर मोठी चौकट आली की वेळ थांबतो, फोनवर तो मधल्या रिकाम्या जागेने थांबवावा लागतो. म्हणून खाडी ओलांडायचा प्रसंग नव्याने काढला : सहा तुकडे, 7680 पिक्सेल उंच एकच पाणी, आणि होडी वरच्या काठावरून खालच्या काठापर्यंत. वाचणारा अंगठा सरकवतो तेवढी ती पुढे जाते. पाचव्या तुकड्याची कात्री नेमकी एका फुग्यातून गेली होती, तो खाली सरकवला.

एआयचं विचाराल, तर एक रविवार घालवला. होडी मागितली, केरळची मिळाली. पुन्हा मागितली तर शिडाचं जहाज आलं, आणि त्यावर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी. नाद सोडला. ‘क्लिप स्टुडिओ पेंट’ या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये चित्र बनवणाऱ्या एआयची सोय जाहीर केली होती, चित्रकारांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच त्यांनी ती मागे घेतली. हक्काचाही प्रश्न आहेच. ‘झारिया ऑफ द डॉन’ या कॉमिकबाबत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये मजकुरावर आणि मांडणीवर हक्क मान्य केला, मिडजर्नी या एआयने बनवलेल्या चित्रांवर नाही. मी मालवणी अनुवादाचे बेत करतोय, मला हे परवडणारं नाही.

यंत्राची मदत घेतो ती दोन ठिकाणी. क्रिटाचा कलराइज मास्क : प्रत्येक भागावर रंगाचा एक फराटा मारायचा, तो रेषेपर्यंत भरून घेतो. पानाला लागणारे दोन तास अर्ध्यावर आले. आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये होडीचं साधं ठोकळेवजा मॉडेल. हवा तो कोन लावून त्यावरून रेषा काढतो, त्यामुळे होडीची लांबी दर चौकटीत बदलत नाही. पहिल्या आठ पानांत ती बदलते. शोधत बसू नका.

छपाईचा नमुना आला. ए5ची 24 पानं म्हणजे 12 बाय 18 इंचांच्या तीन शीट, वर कव्हर, सेंटर पिन. डिजिटलवर 30 प्रतीही निघतात, ऑफसेटला तेवढ्यासाठी कोणी दारात उभं करत नाही. स्क्रीनवरचं हिरवट निळं पाणी कागदावर मळकं आलं. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबात, बघून रंग लावायला हवे होते. खरं सांगायचं तर खाडीचं पाणी असंच मळकं असतं, म्हणून तसंच ठेवतोय. ज्यांना फाइल हवी त्यांच्यासाठी सीबीझेड केलंय, म्हणजे क्रमाने नावं दिलेल्या चित्रांची झिप, फक्त शेपूट बदललेलं. व्हॉट्सॲपवर देताना डॉक्युमेंट म्हणून पाठवतो.

पानं पहिल्यांदा दाखवली दाभोळच्या मामाला. त्याने फोनवर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही नीट वाचले, हसलाही. मग पान 16 वर दोन बोटांनी चित्र मोठं करत म्हणाला, “शाळा सुटायच्या वेळेला ओहोटी लावलीयस ना? मग पाणी पायऱ्यांना कसं टेकलं? गुडघाभर चिखलातून उतरायचो आम्ही.”

ब्लेंडरमध्ये पाणी खाली घ्यायला एक बटण पुरलं. चिखल पाच चौकटींत हाताने काढायचाय.