बघ्यांच्या घोळक्यातून एक जण
आजच्या सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवण्याच्या, प्रशिक्षणात पुन्हा तेच! जोर सगळे लावतात, सोडत कुणी नाही. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. पण दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात पुरेसं रक्त भरतच नाही. कोपरं वाकली की दमछाक ठरलेली. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला.

आणि मध्येच त्या बेशुद्ध माणसाच्या घशातून येणारे ते आचके? तो श्वास नव्हे. इथेच भले भले फसतात, ‘श्वास चालू आहे’ म्हणत थांबतात.

कवायतीसारखं हे शाळेतच शिकवलं तर घोळक्यातून एक तरी जण गुडघे टेकून बसेल. पुतळा नसेल तर सरावाला घट्ट उशीही चालते.