दोन लायसन्स, पण तुमच्या वाट्याला एकच

प्रश्न साधारण असा येतो: "आमचा प्रकल्प एमआयटी लायसन्सखाली आहे. आम्हाला हवी असलेली लायब्ररी एक तर जीपीएलखाली मिळते, नाही तर पैसे भरून व्यावसायिक लायसन्सखाली. ती वापरली तर आमचं लायसन्स बदलावं लागेल का?" लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड. एमआयटी हे मोकळं लायसन्स, तो कोड बंद उत्पादनातही चालतो. जीपीएलची अट अशी की त्याखालचा कोड जोडून प्रोग्राम वाटलात, तर तो सोर्ससकट जीपीएलखालीच द्यायचा.

लायसन्सच्या फायली शेवटपर्यंत वाचायचा मला कंटाळा येत नाही, एवढ्याच भांडवलावर लोक मला हे विचारतात. मी वकील नाही. पैशांचा व्यवहार अडकला असेल तर वकिलाकडेच जा. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी त्या दोन लायसन्समधलं नातं काय आहे ते बघा. रस्ट भाषेतल्या बहुतेक लायब्रऱ्यांवर "एमआयटी किंवा अपाची २.०" असं लिहिलेलं असतं. अपाचीत पेटंट वापरायची स्पष्ट परवानगी आहे, पण जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते ते जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही. ती अडचण एमआयटीने सुटते. दोन्ही मोकळी लायसन्स, आवडेल ते घ्या आणि कामाला लागा. त्या लायब्ररीतच दुरुस्ती करून पुढे देणार असाल तर मात्र दोन्ही लायसन्स तशीच ठेवा. एक गाळलंत, तर तुमची दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत घेता येणार नाही.

तुमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे. क्यूटी, पायक्यूटी, एक्स२६४, आयटेक्स्ट, घोस्टस्क्रिप्ट, मायएसक्यूएल या सगळ्या सॉफ्टवेअरच्या मालकांनी एका हाताने जीपीएल किंवा त्याचं कडक रूप एजीपीएल दिलं आणि दुसऱ्या हाताने त्यातून सुटका विकली. यात लबाडी काही नाही. अशी सवलत विकणं जीपीएल लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन यांनाही मान्य आहे. सगळा कॉपीराइट एकाच्या हातात असल्याशिवाय हे जमत नाही, म्हणून असे मालक बाहेरून आलेला पॅच (दुरुस्तीचा कोड) घेण्याआधी तुमच्याकडून करारावर सही मागतात. तुमचा कोड ते बंद लायसन्सखाली विकू शकतात, त्यांचा तुम्ही नाही. हे पटत असेल तर खुशाल सही करा.

तर माझं उत्तर: ओपन सोर्स प्रकल्पापुरतं ते व्यावसायिक लायसन्स अस्तित्वातच नाही असं धरून चाला. लायब्ररीवर फक्त जीपीएल आहे असं समजा आणि मग ठरवा.

असं का म्हणतो? व्यावसायिक लायसन्स तुम्हाला मिळतं, तुमच्या नावाने. तुमची रिपॉझिटरी (प्रकल्पाचं कोडचं कोठार) उतरवून घेणाऱ्या अनोळखी माणसाला ते मिळत नाही. काही मालक उदारपणे म्हणतात, "तुमच्या प्रकल्पाला फुकट देतो." आभार माना आणि विचारा, प्रकल्प फोर्क करणाऱ्याला, म्हणजे त्याची प्रत घेऊन स्वतःची वेगळी आवृत्ती काढणाऱ्यालाही देणार का? बहुतेकदा उत्तर "नाही" असतं. म्हणजे तुमचा कोड सगळ्यांना उघडा, पण तुम्ही बांधता (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करता) तसा तो बांधून वाटायची परवानगी फक्त तुम्हाला. मला हे पटत नाही.

आता जीपीएल. तुमच्या स्वतःच्या फायलींवरचं एमआयटी काढायची गरज नाही, ते जीपीएलशी जुळतं. पण लायब्ररी जोडून जो प्रोग्राम तुम्ही वाटाल, तो पूर्णपणे जीपीएलच्या अटींवर जाईल. गोची होते ती पुढच्या माणसाची. तो प्रकल्पाच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एमआयटी वाचतो, बंद उत्पादनात तुमचा प्रोग्राम घालतो आणि वर्षभराने त्याला कळतं की आत जीपीएल होतं. कायद्याने तुम्ही निर्दोष असाल, पण त्याला ते सांगायला हवं होतं.

शिवाय तुमच्या बाकीच्या डिपेन्डन्सी, म्हणजे प्रकल्प ज्यांवर उभा आहे त्या इतर लायब्रऱ्या, बघा. लायब्ररी "फक्त जीपीएल २" असेल आणि तुमच्याकडे अपाची २.० चा काही कोड असेल, तर दोन्ही एकत्र वाटता येत नाहीत. २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हा तंटा मिटवला, म्हणून "किंवा त्यापुढची आवृत्ती" हे शब्द तिथे आहेत की नाहीत ते डोळ्यांत तेल घालून वाचा.

अशा अडचणीतून मोठे प्रकल्पही गेले आहेत. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी क्लायंट लायब्ररी आधी एलजीपीएलखाली (जीपीएलचं सौम्य रूप, बंद प्रोग्रामलाही जोडता येणारं) होती, मग जीपीएलखाली गेली. ती वापरणाऱ्या पीएचपी या वेबच्या भाषेचं लायसन्स जीपीएलशी जुळत नव्हतं. २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ सोबत ती लायब्ररी येईनाशी झाली. मायएसक्यूएलने त्याच वर्षी ओपन सोर्स प्रकल्पांसाठी लेखी अपवाद काढला, आणि पुढे मायएसक्यूएलच्याच माणसांनी पीएचपीच्या लायसन्सखाली नवा ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा कोड) लिहिला, जो २००९ मध्ये पीएचपी ५.३ बरोबर आला. मला यातला अपवादाचा भाग महत्त्वाचा वाटतो. मालकाला विचारता येतं, आणि कधीकधी तो देतोही. फक्त तो लायसन्सच्या फाइलमध्ये लिहून घ्या. मेलमध्ये आलेलं "हरकत नाही" तुमच्या वापरकर्त्याच्या कामाचं नाही.

अपवाद मिळाला नाही तर? ती लायब्ररी प्रकल्पाचा गाभा असेल, तिच्याशिवाय तो उभाच राहणार नसेल, तर सरळ प्रकल्पच जीपीएलखाली न्या. एमआयटीची पाटी लावून आत जीपीएल ठेवण्यापेक्षा ते प्रामाणिक. जीपीएलला लोक उगाच घाबरतात. तुमचे वापरकर्ते प्रोग्राम नुसता चालवणारे असतील, तर त्यांच्यासाठी काहीच बदलत नाही.

ती कडेची सोय असेल, तर एफएफएमपेगने केलंय तसं करा. एफएफएमपेग हे व्हिडिओ-ऑडिओ हाताळायचं साधन मुळात एलजीपीएलखाली आहे. व्हिडिओ एन्कोड करणारं, जीपीएलचं एक्स२६४ हवं असेल तर बांधताना "एनेबल-जीपीएल" हा पर्याय स्वतः द्यावा लागतो, आणि मग तयार होणारं सगळं जीपीएलखाली जातं. न सांगता काही होत नाही. पायथॉनवाल्यांनी वेगळी वाट काढली: खिडक्या-बटणं बनवायची क्यूटी पायथॉनमधून वापरायला जीपीएलचं पायक्यूटी आणि एलजीपीएलचं पायसाइड आहे, आणि दोन्हींवर चालणारा क्यूटीपाय हा पातळ थर. कोणतं बसवायचं ते ज्याचं तो ठरवतो.

लायब्ररी वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवून तिच्याशी पाइप किंवा सॉकेटमधून (दोन प्रोग्राममधल्या संवादाच्या वाटांनी) बोलणं, हाही मार्ग आहे. असे दोन प्रोग्राम सहसा स्वतंत्र मानले जातात, असं खुद्द फाउंडेशन म्हणतं. पण दोघांमधली देवाणघेवाण फारच आतली असेल तर तिथेही खात्री देत नाही. डायनॅमिक लिंकिंग केलं (लायब्ररी प्रोग्राम चालू होताना जोडली) की सुटलो, हे मात्र विसरा. फाउंडेशनला ते मान्य नाही, आणि त्यावर भरवसा ठेवून प्रकल्प उभारू नये असं माझं मत.

एजीपीएल असेल तर सर्व्हरवर चालणाऱ्या प्रकल्पांनी जास्त सांभाळायचं. तिथे प्रोग्राम कुणाला वाटलाच नाही, तरी बदललेल्या प्रोग्रामशी नेटवर्कवरून बोलणाऱ्यांना सोर्स द्यावा लागतो. ओरॅकलने २०१३ मध्ये बर्कली डीबी या डेटाबेस लायब्ररीची सहावी आवृत्ती एजीपीएलखाली काढली, तेव्हा डेबियन हे लिनक्स वितरण तिच्या ५.३ आवृत्तीवरच थांबलं. जुन्या आवृत्तीचं लायसन्स कुणी मागे घेऊ शकत नाही, त्यामुळे थांबता येतं. पण पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या मग तुमच्याच गळ्यात.

काहीही ठरवलंत तरी रीडमीमध्ये लायसन्सच्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: अमुक पर्याय चालू करून बांधलेली बायनरी (तयार प्रोग्राम) जीपीएल ३ खाली जाते, बाकी एमआयटी. आणि पॅकेजच्या माहितीत लायसन्सचं जे खोकं असतं, तिथेही तेच लिहा, कारण कंपन्यांची तपासणीची साधनं सहसा रीडमीपेक्षा ते खोकं वाचतात.