पंधराशेचं काय करतेस? तुम्ही विचारलंत म्हणून

"त्या पंधराशेचं काय करतेस गं?" सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला पंधराशे यायला लागले, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, ते मोजलेलं नाही. मी कोथरूडला चार घरी पोळ्या-स्वयंपाक करते, चारही घरी विचारून झालंय. सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, माझ्या सख्ख्या भावाने विचारलं, एकदा तर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं. सगळे वाईट मनाने विचारतात असं मी म्हणणार नाही. पण चार घरचे मिळून मला महिन्याला अकरा हजार मिळतात, त्यांचं काय करते हे आजवर कुणीच विचारलेलं नाही.

मी सांगते, "मुलीच्या फीला." हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा मोकळा होतो, "हो का, छान" म्हणतात आणि विषय मिटतो. काही महिने खरंच फीला गेले, क्लासला गेले. पण पहिल्या हप्त्याबद्दल विचाराल तर हे उत्तर साफ खोटं आहे. ते खोटं बोलून मला आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

15 ऑगस्ट 2024 ला सकाळी बँकेचा मेसेज आला. जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार. फॉर्म अंगणवाडीच्या ताईंनी भरून दिला होता, केशरी कार्ड असल्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागला नाही. आमचे हे रंगकाम करतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींची कामं बंदच असतात, त्यामुळे किराणावाल्याचे अठराशे थकले होते, सिलिंडर संपत आला होता, मुलगी दहावीत. कुठे पैसे लागणार हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रात्री झोपताना हिशेबही करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी काम आटपून येताना मी गावठाणातल्या सराफाकडे शिरले आणि चांदीची जोडवी घेतली.

माझी लग्नातली जोडवी 2020 च्या जूनमध्ये मोडली. लॉकडाऊन लागला आणि चारही घरांनी काम थांबवलं. दोन घरांनी पगार चालू ठेवला, दोघांनी नाही. मग जोडवी गेली, मुलीचे पैंजण गेले. तेव्हापासून मी बेंटेक्सची घालत होते. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं, त्यात ती जोडवी. दोन्ही पायांच्या बोटांना काळा वळ पडायचा, खाज यायची, रात्री खोबरेल तेल लावायचं. चार वर्षं हे चाललं. सराफाने बावीस ग्रॅमची जोडी काढली. पंच्याऐंशी रुपये ग्रॅम, वर घडणावळ, एकवीसशे पन्नास. जुलैच्या बजेटमध्ये सोन्याचांदीवरची आयात ड्यूटी 15 टक्क्यांवरून 6 वर आणली होती. "ताई, बरोबर वेळेवर आलात," तो म्हणाला. खाली बसून त्याने स्वतः घालून दिली, चिमटून बोटाला बेतशीर केली. मी पाय खाली टेकला तेव्हा फरशीवर टक्क आवाज आला. हा आवाज मी विसरले होते.

सोमवारी ती घालूनच कामाला गेले. तिसऱ्या घरी ओट्याशी पोळ्या लाटत होते, ताई फ्रिजमधून दूध काढायला आल्या. त्यांची नजर खाली गेली. "जोडवी नवीन वाटतं? चांदीची?" मी हो म्हणणार तेवढ्यात त्या हसल्या आणि बाहेर हॉलमध्ये साहेबांना म्हणाल्या, "अहो, बघा, आपला टॅक्स हिच्या पायात."

त्यात विष नव्हतं, हे मला आजही सांगायचंय. त्या गमतीनेच बोलल्या. लॉकडाऊनमध्ये ज्या दोन घरांनी पगार थांबवला नाही त्यातलं एक घर त्यांचं. मुलीला आठवीपासूनची पुस्तकं त्यांनीच दिली. म्हणून तर मला उलट बोलता आलं नाही. मी म्हणाले, "नाही ताई, बहिणीची आहेत. सणापुरती आणलीत." तव्यावरची पोळी करपली, ती मी माझ्या डब्यात ठेवली.

घरी आल्यावर मोरीत बसून जोडवी काढायला लागले. पाय सुजलेले, निघेनात. साबण लावला, पिळून काढली, बोट सोललं. मुलगी दारात उभी होती. "आई, परवाच तर घातलीस." मी म्हटलं, "काम करताना टोचतात." दुसऱ्या दिवशी बेंटेक्सची घालून गेले. ताईंनी बघितलं. "दिलीस परत?" मी मान हलवली. त्यानंतर चांदीची जोडवी डब्यात. गौरींना घातली, दिवाळीत घातली. माझ्या पैशाची माझी जोडवी मी उसनी आणल्यासारखी वापरते.

कुणाचे पैसे, हे आता तुम्ही विचाराल. टॅक्स आमचा, असं तुम्ही म्हणता. अंगाच्या साबणावर 22 सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्के जीएसटी होता, आता 5 आहे. तो मीही भरला, तुमच्याइतकाच. आणि पहिला हप्ता येऊन महिना झाला नाही तोच, 14 सप्टेंबर 2024 ला, खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्याचं 20 टक्के झालं. ऐन दिवाळीच्या तोंडावर तेलाची पिशवी पंचवीस-तीस रुपयांनी चढली. मी पाच स्वयंपाकघरांतलं तेल बघते, चार तुमची आणि एक माझं. तुमच्या घरी तळण थांबलं नाही. माझ्या घरी त्या वर्षी चकली झाली नाही. महागाईला हातभार म्हणून आलेल्या पैशातला काही वाटा महागाईनेच परत नेला. याचा हिशेब मला कुणी विचारत नाही.

डिसेंबरात मी पगार वाढवून मागितला. तीनशे रुपये. ताई म्हणाल्या, "आता सरकार देतंय की." म्हणजे ते पंधराशे माझे होते, सरकारचे होते की त्यांच्या वाचलेल्या पगाराचे होते, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझी भाची म्हणते, "मामी, सांग ना त्यांना, चांदी केवढी चढलीये बघ." खरंच चढलीये. दीड वर्षात दुपटीच्याही वर गेली. माझी जोडवी आज विकली तर घातलेले पैसे निघून वर उरतील. हे उत्तर माझ्या तोंडावर कितीदा आलं. पण मी ती भाव चढेल म्हणून घेतली नव्हती. मला हवी होती म्हणून घेतली. आता गुंतवणुकीचं नाव लावलं तर मी पुन्हा तुमच्याच परीक्षेला बसले, फक्त या वेळी पास झाले. पेपरात शिलाई मशीन घेतलेल्या बाईचा फोटो येतो, शेळी घेतलेल्या बाईचा येतो. त्या बायकांचं मला कौतुकच आहे. पण मी दिवसाला ऐंशी पोळ्या लाटते. मला आणखी एक धंदा नको होता.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. एका हप्त्यातले पाचशे दारूत गेले. 2025 च्या मार्चमधली गोष्ट, मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर. यांना तीन आठवडे काम नव्हतं. संध्याकाळपासून घरात आदळआपट सुरू होती. आमची एकच खोली, ती कोपऱ्यात पत्र्याला टेकून प्रमेयं पाठ करत होती, कानात बोटं घालून. साडेआठला मी पर्समधून पाचशेची नोट काढली आणि यांच्या हातात दिली. हिसकावून घेतले असं मी सांगू शकले असते, तसं सांगणं सोपं होतं. मी दिले. हे बाहेर गेले, साडेबाराला आले आणि झोपले. त्या चार तासांत तिचा अभ्यास झाला.

तुम्हाला जी भीती असते ती माझ्या घरात खरी झाली, माझ्याच हाताने. म्हणूनच कुणी "यांचे पैसे शेवटी दारूतच जातात" म्हटलं की मी सगळ्यात मोठ्याने भांडते.

चौथ्या घरचे सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. ते म्हणाले, इव्हान्स आणि पोपोवा या दोन अभ्यासकांनी वेगवेगळ्या खंडांतले 19 अभ्यास एकत्र करून बघितले, 2017 मध्ये ते छापून आलं. गरिबांच्या हातात रोख दिली म्हणून दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला, असं त्यांना दिसलं नाही. सरांनी हे मला धीर द्यायला सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यापुढे ती पाचशेची नोट आली. एकोणीस अभ्यासांतल्या का असेनात, त्या बाया खऱ्या आणि मी एकटी खोटी, असं काहीतरी वाटलं. सरांना मी नुसतं "हो का" म्हटलं.

याच सरांचं म्हणणं असंही आहे, की वर्षाला सेहेचाळीस हजार कोटी लागतील असं 2024 च्या अर्थसंकल्पात सांगितलं होतं, एवढा पैसा कुठून तरी कमी होणारच, शाळांतून, दवाखान्यांतून. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी मुलगी सरकारी अनुदानाच्या शाळेतच शिकली. उद्या कुणी म्हणालं, पंधराशे बंद, पण दहावीचा क्लास फुकट आणि यांना पावसाळ्यात काम, तर मी काय निवडेन? एखाद्या दिवशी वाटतं, डोळे झाकून काम निवडेन. एखाद्या दिवशी वाटतं, नको, माझ्या नावावर येतात तेच बरे, ते आले की मला कुणाला विचारावं लागत नाही.

आणि मी तरी कोण लागून गेले. आमच्या सुतारदरा वस्तीत वरच्या अंगाला एक आजी राहतात. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात, आधी हजार होते, 2023 पासून पंधराशे झाले. महिन्याच्या महिन्याला त्या मिश्री आणायच्या, आणि नातवाला कुरकुऱ्यांची पाकिटं. तेव्हा मला काहीच मिळत नव्हतं. नळावर मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सरकारनं तुम्हाला औषधाला दिलेत हो आजी, दातांना लावायला नाही." त्या काही बोलल्या नाहीत, हंडा उचलून गेल्या. तेव्हा मला मी बरोबर वाटले होते. मिश्री वाईटच, ते मला आजही वाटतं. पण नळावर बोलायचा मला काय अधिकार होता? माझा टॅक्स त्यांच्या दातांत होता म्हणून? आजींची माफी मागावी असं कितीदा मनात आलं. अजून मागितलेली नाही. त्या दिसल्या की मी "कशा आहात" विचारते आणि पुढे जाते.

पहिल्या घरी एक तमिळ आजी आहेत, मुलाकडे राहतात. त्यांच्या तमिळनाडूतही बायकांना पैसे द्यायला लागले, 15 सप्टेंबर 2023 ला सुरू झाले तेव्हा महिना हजार. त्या योजनेच्या नावात "उरिमै" असा शब्द आहे. उरिमै म्हणजे काय, मी विचारलं. त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "हक". आपल्याकडे मी बहीण आहे, तीही लाडकी, आणि ही ओवाळणी. ओवाळणीचं काय केलंस, हे भाऊ विचारू शकतो, माझ्या भावाने विचारलंच. हक्काचं नाव असतं तर लोकांनी विचारलं नसतं का? विचारलं असतंच, आजी म्हणाल्या, तिकडेही विचारतात. पण तो शब्द मी दोन दिवस पोळ्या लाटताना मनातल्या मनात म्हणत होते.

2025 च्या डिसेंबरात योजनेच्या ईकेवायसीच्या, म्हणजे आधारवरून ओळख पटवायच्या, रांगेत तीन सकाळी गेल्या, यांच्या आधारचा ओटीपी येता येईना, दोन घरचे खाडे झाले. त्यावरून परवा ताईंकडे विषय निघाला. "झालं का तुझं ते? मिळतात ना अजून?" मी म्हटलं, मिळतात. त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि विचारलं, "मग काय करतेस त्यांचं?"

हे सगळं माझ्या मनात जुळवून तयार होतं. ताई बघतही होत्या माझ्याकडे, खरंच ऐकायच्या बेतात होत्या.

"फीला, ताई," मी म्हणाले. "अकरावीची फी फार आहे हो."

"हो का, छान," त्या म्हणाल्या, आणि दूध वर आलं म्हणून वळल्या.