‘करी राह्यना’ आणि इटालियन

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. कांदेबाग केळीला पाणी सोडून मोटरीच्या खोलीबाहेर खाट टाकून बसलो आहे; एका कानात इअरफोन आहे आणि दुसरा कान मोटरीच्या आवाजाकडे आहे. गेल्या दीड वर्षातले माझे इटालियनचे शिक्षण बहुतांशी असेच, एक व्हॉल्व्ह बंद करून दुसरा उघडेपर्यंतच्या वेळात झाले. इटालियनच कशाला, असे चोपड्याच्या बाजारात दोघा-तिघांनी विचारले. एक मालिका पाहता पाहता भाषेचा नाद कानाला गोड लागला, याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

व्याकरणाचे पुस्तक आणून पाहिले, ते तिसऱ्या धड्यावर थांबले. नंतर हाती लागली ‘उन पोस्तो आल सोले’, म्हणजे १९९६ पासून चालू असलेली नेपल्समधल्या एका इमारतीतल्या कुटुंबांची दैनंदिन मालिका. तिच्यात एकच भानगड आधी फोनवर, मग स्वयंपाकघरात आणि मग शेजारणीजवळ अशी तीनदा सांगितली जाते, आणि जाणकार प्रेक्षकाला कंटाळवाणा वाटणारा हा दोष शिकणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडतो. प्रत्येक भाग मी दोनदा घेतो: पहिल्यांदा इटालियन अक्षरे पडद्यावर ठेवून पाहतो आणि दुसऱ्यांदा फोन खाटेवर पालथा ठेवून नुसता ऐकतो. इंग्रजी अक्षरे पहिल्याच महिन्यात बंद केली, कारण ती असली की डोळेच सगळे काम करतात आणि कान झोपा काढतात.

ऐकलेले शब्द मी वहीत देवनागरीतच लिहितो, आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून येतात. ‘पेन्ना’ म्हणजे लेखणी आणि ‘पेना’ म्हणजे दुःख, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा आणि ‘नोनो’ म्हणजे नववा. गडी आणि गड्डी यांतला फरक लहानपणापासून ऐकणाऱ्याला हे जोडाक्षर मुद्दाम शिकावे लागत नाही. ‘मला आवडते’ हेही तिकडे आपल्याच घडणीने ‘मी प्याचे’ असे होते, आणि त्यातल्या ‘मी’चा अर्थ ‘मला’ आहे, ही गंमत वेगळीच.

खरी अडचण ‘लामीका जेनियाले’ ही नेपल्सच्याच एका गरीब वस्तीत घडणारी, २०१८ मध्ये सुरू झालेली मालिका लावली तेव्हा आली. सहा-सात महिने कमावलेले कान तिथे पार कुचकामी ठरले. वस्तीतल्या बायका भांडू लागल्या की दहातला एक शब्दही हाती लागेना. आपली वये झाली, असे वाटून आठवडाभर ऐकणेच सोडले. पुढे कळले की ती माणसे नेपल्सची बोली बोलतात आणि खुद्द इटलीतही ते संवाद इटालियन अक्षरांसह दाखवले गेले. जिथे इटालियन माणसालाच वाचावे लागते, तिथे तापीकाठच्या केळीवाल्याने खंत का करावी?

या निमित्ताने थोडे वाचन झाले. १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाली, तेव्हा शंभरातल्या जेमतेम अडीच माणसांना इटालियन येत होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज आहे. बाकीचे लोक आपापल्या प्रांताची बोली बोलत. १९५४ मध्ये तिथे दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले, आणि ही भाषा घरोघरी पोहोचवण्यात तिचा वाटा फार मोठा मानला जातो. आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक तर १९६० ते १९६८ या काळात मोठ्या कागदावर कोळशाने चित्रे काढत प्रौढांना पडद्यावरूनच लिहायला-वाचायला शिकवत होते. म्हणजे माझ्याआधी निम्म्या इटलीने ही भाषा अशीच बसून, पाहून, ऐकून घेतली आहे.

माझी प्रमाण मराठी तरी कुठे घरची आहे? घरात अहिराणी होती. शाळेत पहिल्या दिवशी ‘मन्हं नाव’ म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. ‘माझे’ आणि ‘आहे’ मी रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या ऐकून, निवेदकाच्या मागोमाग पुटपुटत बसवले. ते हसणे अजून आठवते, म्हणून कालची गोष्ट लिहून ठेवतो. संध्याकाळी घरून आईचा फोन आला आणि तिने नेहमीप्रमाणे विचारले, “काय करी राह्यना रे?” नेमक्या त्याच वेळी मालिकेत कोणीतरी “के स्ताय फाचेन्दो?”, म्हणजे तेच, ‘काय करत आहेस?’, म्हणत होते. ‘स्तारे’ म्हणजे राहणे, आणि चालू क्रिया सांगायला इटालियन माणूस हेच क्रियापद वापरतो. ‘करत आहेस’ या शाळेच्या मराठीतून ही रचना मला चार महिने उमगली नव्हती. आईच्या एका वाक्याने ती जागच्या जागी बसली.

आता मालिकांबरोबर गोष्टी ऐकतो. इतालो काल्व्हिनो यांनी प्रांतोप्रांतीच्या बोलींतल्या २०० लोककथा इटालियनमध्ये आणून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतली एक रोज रात्री लावतो. आपल्या ‘आटपाट नगर होते’सारखी तिकडच्या गोष्टींची सुरुवात ‘चेरा उना व्होल्ता’ने होते, आणि पुढे सगळा दूरचा भूतकाळ असतो. ‘म्हणाला’ सांगायला मालिकेतला माणूस ‘आ देत्तो’ म्हणतो, गोष्टीतला राजा मात्र ‘दिस्से’ म्हणतो, म्हणजे आपल्या जुन्या पोथ्यांतल्या ‘म्हणता झाला’सारखेच काहीसे. ‘उन पोस्तो आल सोले’मध्ये हा काळ कानावर फारसा पडलाच नव्हता, त्यामुळे गोष्टींत पुन्हा बिगरीत बसल्यासारखे झाले आहे.

आजच्या गोष्टीत ‘स्तेत्ते’ हा शब्द आला. तीनदा मागे नेऊन ऐकला, तरी ओळख पटेना. शेवटी कोशात पाहिले तर तो ‘स्तारे’चाच भूतकाळ, म्हणजे आईचा ‘राह्यना’च वेश बदलून आलेला निघाला. वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आहेत. गोष्ट अर्धी राहिली आहे, आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची वेळ होऊन दहा मिनिटे झाली आहेत.