दररोज पुढे सरकणारी रेघ

पाऊस सुरू झाला की जळगाव-भुसावळकडच्या दवाखान्यांत पायाला खाज सुटल्याच्या तक्रारी वाढतात आणि त्यांतील बहुतेकांना गजकर्ण किंवा चिखल्या झालेल्या असतात. अधूनमधून मात्र असा एखादा रुग्ण येतो, ज्याच्या तळपायाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंदीची, किंचित उंचावलेली लालसर रेघ असते आणि ती वळणे घेत, कधी स्वतःलाच वेढा घालून पुढे गेलेली असते. अशाच एका सेंट्रिंग कामगाराने मला सांगितले होते, "डाक्टर, हाई रोज पुढे जास." निदानासाठी याहून अधिक फारसे काही लागत नाही.

ही रेघ म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातील अंकुशकृमी (हुकवर्म) या जंताच्या अळीने त्वचेत काढलेली वाट होय. या आजाराला कारणीभूत होणारी मुख्य जात अँकायलोस्टोमा ब्राझिलिएन्स ही आहे. प्राण्याच्या विष्ठेतून पडलेली अंडी ओलसर, सावलीच्या, रेताड जागेत उबतात आणि अळी उघड्या त्वचेची वाट पाहत राहते. बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर कुत्री बसतात, तिथेच मुले खेळतात आणि मजूर अनवाणी वावरतात. मे महिन्यात आपल्याकडची उघडी वाळू तापून कोरडीठाक होते, तेव्हा अळी तग धरत नाही. पावसाळ्यात किंवा सतत ओल असलेल्या सावलीत तिचे फावते.

माणसाचा हुकवर्म त्वचेतून शिरून रक्तावाटे फुप्फुसात आणि तेथून आतड्यात पोहोचतो आणि रक्तक्षय घडवतो. प्राण्यांच्या अळीला मात्र बाह्यत्वचेच्या तळाचा पडदा सहसा ओलांडता येत नाही, म्हणून ती वरच्याच थरात दिवसाला काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर भटकत राहते. ती आतड्यात पोहोचून अंडी घालत नसल्यामुळे शौचाच्या तपासणीत काहीही सापडत नाही. त्वचेचा तुकडा काढून तपासणेही बहुधा वाया जाते, कारण अळी दिसणाऱ्या टोकाच्या बरीच पुढे गेलेली असते. त्यापेक्षा रेघेच्या टोकाशी पेनाने खूण करावी आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावे.

गजकर्णाचा चट्टा गोल असतो, त्याचा मध्य निवळतो आणि कडेला खवले धरतात. खरजेची भुयारे आखूड असतात, ती बोटांच्या बेचक्यांत आढळतात आणि घरातील इतरांनाही खाज सुटलेली असते. नागमोडी आकार पाहून काही जण या रेघेला नागीण समजतात. परंतु नागिणीत शरीराच्या एकाच बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो आणि त्यात आग व वेदना अधिक असतात.

माझा खरा आक्षेप औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टिरॉइड-मिश्रित मलमांवर आहे. ती लावल्याने लाली व खाज तात्पुरती उतरते, अळीला काहीच होत नाही आणि रेघेचे स्वरूप इतके बदलते की पुढे डॉक्टरलाही ती ओळखणे अवघड जाते. बिब्बा लावून पाय भाजून घेतलेले रुग्णही येतात, आणि त्यांच्यात मूळ आजारापेक्षा त्या जखमेवरच अधिक काळ उपचार करावे लागतात.

वास्तविक उपचार सोपा आहे. आयव्हरमेक्टिनची दर किलो वजनाला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १२ मिलिग्रॅम, अशी एकच मात्रा बहुतेकांना पुरते. ते नसल्यास अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम रोज, तीन ते सात दिवस दिले जाते. गर्भवतींना आणि १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांना आयव्हरमेक्टिन सहसा देत नाहीत, म्हणून या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. खाज काही दिवसांत उतरते; त्यानंतरही रेघ वाढत राहिल्यास औषध पुन्हा द्यावे लागते. औषध न घेताही अळी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरते हे खरे, पण रात्रीची खाज झोप उडवते आणि खाजवून झालेल्या जखमेत पू होतो, त्यामुळे थांबण्याचा सल्ला मी देत नाही.

घर बांधायला काढले असेल, तर वाळूवर ताडपत्री टाकावी, ढिगावर मुलांना अनवाणी जाऊ देऊ नये आणि दारातील कुत्र्याला पशुवैद्याकडून नियमित जंतनाशक द्यावे.