तेल भरायला गेलो, आणि नांगर टाकून बसलो

2018 च्या उत्तरार्धात मी कच्च्या तेलाच्या एका मोठ्या टँकरवर चीफ ऑफिसर होतो. वेनेझुएलातल्या अन्झोआतेगी प्रांताच्या किनाऱ्यावर माल भरायचा आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून गुजरात गाठायचं. पोचताच नोटीस ऑफ रेडिनेस, म्हणजे जहाज माल भरायला तयार असल्याची लेखी सूचना, दिली. पुढे रोज सकाळी एजंटला ईमेल आणि रोज तेच उत्तर : बर्थ (जहाज लावायची जागा) रिकामा नाही.

आजूबाजूला टँकरच टँकर. याचं मूळ 2007 मध्ये आहे. वेनेझुएलाच्या सरकारने ओरिनोको या तेलपट्ट्यातले परदेशी कंपन्यांचे प्रकल्प ताब्यात घेतले. त्यातल्या कोनोकोफिलिप्सने 2018 मध्ये सुमारे 2 अब्ज डॉलरचा लवाद जिंकला आणि वसुलीसाठी वेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीच्या कॅरिबियन बेटांवरच्या तेलसाठ्यांवर टाच आणली. बेटांवर भरणारी जहाजंही मग इकडेच वळली.

जमिनीत तेल मुबलक आहे. जगातले सर्वांत मोठे ज्ञात साठे या देशाचेच. पण ओरिनोकोचं तेल काकवीसारखं दाट. नाफ्था (पेट्रोलसारखा पातळ द्रव) किंवा हलकं तेल मिसळल्याशिवाय ते निर्यातीजोगं होत नाही, आणि नाफ्था आणायला तेव्हा पैशांची चणचण होती. 2002-03 च्या संपानंतर जवळपास 18 हजार तेल कर्मचाऱ्यांना काढून टाकलं होतं. जाणते हात असे घालवल्यावर पंप दुरुस्त करणार कोण? मला याचा आजही राग येतो.

नांगरावर मुख्य इंजिन बंद, त्यामुळे गोडं पाणी बनवता येईना. कपडे धुण्यावर बंधन आलं, ताजी भाजी संपली.

अखेर बर्थ मिळाला. टर्मिनलच्या वतीने माल भरण्यावर देखरेख करणारा लोडिंग मास्टर वयस्कर होता. जेवताना त्याने अर्धं चिकन कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. नातवासाठी, म्हणाला. ऑगस्टमध्ये सरकारने चलनावरची पाच शून्यं पुसली होती, पण बाजारात पगार पुरतच नव्हता. आमच्या कुकने न विचारता त्याला तांदूळ आणि डाळ बांधून दिली.

लोडिंग रडतखडत चाललं. वीज गेली की थांबायचं. मी दर तासाला किती तेल भरलं तो रेट आणि प्रत्येक खंड वेळेसकट लिहून ठेवला, लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, दिलं. टर्मिनलने 'फक्त पोच' लिहून सही केली, तेवढीही पुरते. टाक्यांत भरलेल्या तेलात पाणी जास्त निघालं, त्याचं वेगळं पत्र दिलं आणि सीलबंद नमुने जहाजावर ठेवले. तिथे माल भरायला जाणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो : सह्या आणि नमुने हातात आल्याशिवाय होज (तेल भरायची नळी) सोडू देऊ नका. डेमरेजचा, म्हणजे जहाज ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकल्याच्या भरपाईचा, क्लेम मुदतीत लावायचा तर मालकाला हेच कागद लागतात.