टॉवेलचा कॅमेरा आणि शंभर वॉटची केबल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात कापड तपासणारा कॅमेरा फ्रेम गाळायला लागला होता. चित्र १९२०×१०८०, कृष्णधवल, ८ बिट, सेकंदाला ३० फ्रेम. म्हणजे सेकंदाला ६२ मेगाबाइट. यूएसबी २ या जुन्या, संथ जोडणीवर प्रत्यक्षात चाळीसच्या आसपासच मिळतात. एलएसयूएसबी ही लिनक्सची आज्ञा जोडलेली यूएसबी उपकरणं झाडासारखी मांडून दाखवते. त्या झाडात पाहिलं, तर कॅमेऱ्यापुढे यूएसबी ३ च्या ५००० मेगाबिटऐवजी यूएसबी २ चे ४८०.

पहिला संशय लवीवर, म्हणजे टॉवेलच्या बारीक धाग्यांवर. टॉवेलखात्यात ती टाइप-सी सॉकेटात ठासून बसते, प्लग पुरता आत जात नाही आणि जोडणी यूएसबी २ वर उतरते. सॉकेट साफ केलं, तरी ४८०च. राहिली केबल. जाडजूड, विणीचं आवरण, वर ‘१०० वॉट’ छापलेलं. तिच्यावर कोण शंका घेणार?

अशा केबलच्या प्लगमध्ये तिची ओळख सांगणारी चिप असते. पण कॅमेरा ज्या मिनी पीसीला जोडला होता, त्यावरच्या लिनक्सला केबलची काहीच माहिती नव्हती, कारण त्याचं फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) ती वर पोहोचवतच नव्हतं. तोच कॅमेरा त्याच केबलने माझ्या लॅपटॉपला लावला. लिनक्सच्या टाइपसी क्लासमध्ये, म्हणजे टाइप-सी पोर्टांची माहिती असलेल्या फोल्डरात, पोर्टशेजारी केबलचं फोल्डर उमटलं. त्यातल्या ओळखीच्या फायलींपैकी पहिल्या ‘प्रॉडक्ट टाइप व्हीडीओ’चे, म्हणजे केबलचे गुण सांगणाऱ्या आकड्याचे, शेवटचे हेक्स अंक होते ४०. ते ०-१ च्या बिटांत मांडले, तर बिट ६-५ मध्ये १०, म्हणजे ५ अँपिअर. खालचे तिन्ही बिट शून्य, म्हणजे फक्त यूएसबी २. अस्सल चार्जिंगची केबल! प्लगमधली चिप खरं तेच सांगत होती.

केबल बदलली, कॅमेरा ५००० वर आला. पण हे ऑपरेटरला सिस्टिमनेच सांगायला हवं, म्हणून यूडेव्हचा नियम लिहिला; उपकरण जोडलं की ठरलेलं काम करणारी ही लिनक्सची सोय. केबल उमटल्याच्या क्षणी ओळख बऱ्याचदा शून्यच असते, ती नंतर भरते. त्यामुळे नियम ‘ॲड’ (उपकरण आलं) या घटनेसोबत ‘चेंज’ (माहिती बदलली) या घटनेवरही चालायला हवा.

केबल यूएसबी २ ची दिसली की लगेच आरडाओरडा नको. माउसला तेवढी पुष्कळ झाली. उपकरण ४८० वर चालतंय, पण त्याच्या बीओएस डिस्क्रिप्टरमध्ये (उपकरण स्वतःची क्षमता सांगतं ती यादी) सुपरस्पीडची, म्हणजे यूएसबी ३ च्या वेगाची, नोंद आहे, आणि पोर्टही तेवढ्या वेगाचा आहे, तरच इशारा. ही तपासणी चिप वाचता न येणाऱ्या मिनी पीसीवरही चालते. मात्र तिथे दोष केबलचा की लवीचा, हे कळत नाही. म्हणून तिथला संदेश एवढाच ठेवला: ‘कॅमेरा हळू चालतोय. सॉकेट साफ करा, मग केबल बदला.’